वैरणीची बुट्टी

हुबळी,
१२ जून २०२३

श्रीमती गोदावरी विहीणबाईंना जयलक्ष्मीचा नमस्कार.

लग्नाचा शीण उतरला असेल असं समजते. तुमच्या वाडीत फोन लावला की दोन शब्द ऐकू येतात आणि लाईन तुटते. सगळं रान मध्ये. म्हणून म्हटलं, आपलं पत्रच बरं. पत्रात माणूस मध्येच तोडत नाही.

तुमच्या लेकीची काळजी करू नका. ती माणसांत आहे, आणि माणसांपेक्षा बरी अशी पुष्कळ जनावरं शेजारी आहेत. तुमचे जावई, म्हणजे आमचा रामचंद्र, इथल्या प्राणिसंग्रहालयाचा मॅनेजर, त्यामुळं क्वार्टर कुंपणाच्या आतच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून राणी वाघिणीची पाठ दिसते. फोनची घंटी वाजली की राणी बिथरते, म्हणून सूनबाईंचा फोन मी माझ्या कपाटात ठेवला आहे. तिनं काही कुरकूर केली नाही. म्हणजे केली, पण राणीइतकी नाही.

इथल्या पद्धती ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. नवं जनावर आलं की महिनाभर त्याला कुणात मिसळू देत नाहीत. वेगळी खोली, वेगळं भांडं, भेटायला कुणी नाही. बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून. पण रामचंद्र म्हणतो, त्या महिन्यात जनावर जितकं एकटं राहील तितकं ते पुढं लवकर हाताखाली येतं. मी तीच पद्धत घरात लावली आहे.

नावाचंही तसंच. ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'दीपश्री' लिहिलं तेव्हा तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता. अहो, राणी दुसऱ्या गावाहून आली तेव्हा तिचंही नाव निराळं होतं. जुन्या नावाला कान टवकारायची. मग बाळाप्पानं, म्हणजे तिला मांस घालणाऱ्या माणसानं, जुन्या नावाला काही द्यायचंच बंद केलं. नव्या नावाला तेवढा तुकडा. आठवड्यात शिकली. तुमची लेक थोडी मंद आहे, पण शिकेल.

आणि वाघाला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात, हे ठाऊक होतं का तुम्हाला? रानात कुठं रोज शिकार मिळते, म्हणून त्याच्या पोटाला तेच मानवतं. आमच्याकडं सोमवार. आता सोमवारी दोघींचा उपास असतो.

राणीची आणि सूनबाईंची तब्येत ठणठणीत. तुमची कळवा.

जयलक्ष्मी

•

अळणावरजवळची वाडी,
२ जुलै २०२३

जयलक्ष्मी विहीणबाईंना गोदावरीचा नमस्कार.

पत्र मिळालं. तुमच्या वाघिणीबद्दल वाचून करमणूक झाली. योगिताबद्दल वाचून झाली नाही. चुकले, दीपश्रीबद्दल. बावीस वर्षं एका नावानं हाक मारली, जीभ लगेच वळत नाही. मीही मंद आहे म्हणा.

मला वाघातलं कळत नाही. गोठ्यातलं मात्र कळतं. दूध संघाच्या बायकांनी मला अध्यक्ष केलं ते काही गोड बोलते म्हणून नव्हे. आमच्याकडं विकत घेतलेली म्हैस आणली की तिच्या जुन्या गोठ्यातली ओंजळभर माती नव्या दावणीत टाकतात. ती हुंगते, मग चाऱ्याला तोंड लावते. माती नाही टाकली तर उभ्या उभ्या वाळते. म्हणून म्हणते, पोरीला पंचमीला चार दिवस पाठवा. झाडाला झोका बांधून ठेवते. चार दिवस माती हुंगेल आणि परत येईल.

उपासाचं म्हणाल, तर पुढं जिच्याकडून दूधदुभतं, लेकरूबाळ हवं असतं तिला उपाशी ठेवत नाहीत. तुमच्या वाघिणीकडून तुम्हाला काही नको असेल, म्हणून चालत असेल.

पंचमीच्या आधी उत्तर यावं ही अपेक्षा.

गोदावरी

•

हुबळी,
९ सप्टेंबर २०२३

विहीणबाई,

पंचमीला पाठवलं नाही आणि कळवलंही नाही, म्हणून तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील. झोंबू द्या. बातमी ऐकलीत की निवतील. सूनबाईंना दिवस गेले आहेत. अशा वेळी बसचे हिसके चालत नाहीत.

तुमचं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. हातात देत नाही. पत्र हातात दिलं की पोरी ते उशाखाली ठेवतात आणि मग भाजी करपते. तुमच्या मातीच्या ओळीपर्यंत आले आणि ही उठून न्हाणीत गेली. बराच वेळ पाणी सोडून बसली होती. पाण्याचं बिल प्राणिसंग्रहालयाचा ट्रस्ट भरतो, म्हणून काही बोलले नाही.

आता तुमच्या गोठ्याला उत्तर म्हणून माझी दोन माकडं. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांत मान आईकडून येतो. वरच्या माकडिणीची पोर जन्मतःच वर, खालच्या माकडिणीची पोर मरेपर्यंत खाली. ती कितीही देखणी असो, केळं शेवटीच मिळतं. रामचंद्रानं हे सांगितलं तेव्हा मला तुमची फार आठवण झाली.

दुसरं, आमच्याकडं एक निळा-पिवळा मोठा पोपट आहे, मकाव. त्याची जोडीदारीण मेल्यापासून तो स्वतःची पिसं स्वतःच उपटतो. छाती नुसती सोललेल्या कोंबडीसारखी उघडी. एकटं पडलं की त्या जातीला तो छंदच लागतो म्हणे. सूनबाई त्याच्यापाशी रेंगाळते. परवा पाहते तर कानामागचे केस हिनंही उपटलेले. म्हटलं, चांगलं काही घ्यायचं सोडून हेच उचललंस काय गं?

तेवढं सोडलं तर सगळं छान.

जयलक्ष्मी

•

वाडी,
८ डिसेंबर २०२३

जयलक्ष्मीबाई,

मी मंगळवारी येऊन गेले. तुम्हाला ठाऊक आहे, तरीही लिहिते, कारण नंतर तुम्ही नाही म्हणाल.

फाटकावर तिकीट काढलं. लेकीच्या सासरी तिकीट काढून जाणारी आमच्या पंचक्रोशीत मीच पहिली असेन. क्वार्टरकडं वळले तर तुमची झाडूवाली लक्कव्वा आडवी आली. बिचारी कानकोंडी होऊन म्हणाली, "मनीगे बिडंगिल्ल, अक्का. घराकडं सोडायचं न्हाई म्हणून सांगिटल्यात." मी माणसांच्या रांगेतून फिरले. पोपटाच्या पिंजऱ्यापलीकडं योगिता बादली घेऊन उभी होती. पोट पुढं आलेलं आणि तोंड एवढंसं. मध्ये दोन कठडे. दंडावर काळानिळा वळ होता. मी हाक मारली तर आधी तिनं मागं खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. खिडकीत तुम्ही उभ्या होतात. तुम्ही हात हलवलात.

शेंगाहोळगीचा, शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा मी कठड्यावरून पुढं केला. पहारेकऱ्यानं माझ्या डोक्यावरच्या पाटीकडं बोट दाखवलं. प्राण्यांना खाऊ घालू नये. लोक हसले. मी डबा परत पिशवीत घातला.

आता ऐका. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हा काही माझा हट्ट नव्हे, तुमच्या आईनंही तुमचं केलं असेल. सातवा लागला की मी गाडी घेऊन येणार. वळ कसला, तेही त्या दिवशी जावयांना तोंडावर विचारणार.

गोदावरी

•

हुबळी,
२८ एप्रिल २०२४

विहीणबाई,

तुमची गाडी फाटकावरून परत गेली हे कळलं. त्या दिवशी आम्ही सगळे घरात होतो. घरात कुणी नाही असं म्हणायला बाळाप्पाला मीच सांगितलं होतं, त्याच्यावर राग धरू नका.

बाळंतपण इथंच झालं. मुलगी झाली. तुमच्याकडून दुसरी काही अपेक्षा नव्हतीच. रामचंद्रानं नाव आरुषी ठेवलं, त्याला हौस. रंग तुमच्याकडचा आहे असं लक्कव्वा म्हणते. मी काही निरखून पाहिलं नाही. पहिल्या दिवशी दुपटं उघडून काय ते पाहिलं, पुन्हा झाकलं, झालं.

तुम्ही वळाचं विचारलं होतंत. आमच्याकडं एक पिंजरा आहे, त्याची एक भिंत सरकते. वाघाला सुई टोचायची तर त्यात घालतात आणि भिंत हळूहळू आत आणतात. जनावर शेवटी दोन गजांमध्ये चपटं होऊन उभं राहतं. शहाणं असलं तर गप्प राहतं, त्याला काही लागत नाही. धडपडलं तर वळ उठतात. भिंत कुणी रागानं सरकवत नाही हो. रामचंद्रालाही राग नव्हता. ती धडपडली.

आता मूल झाल्यावर मात्र तिच्यात फरक आहे. बाळाप्पा सांगतो, पिल्लू आत बंद केलं की वाघीण दार उघडं असलं तरी लांब जात नाही. तसंच. तिला मी आता अंगणात, पिंजऱ्यांमध्ये मोकळी सोडते. मूल माझ्यापाशी. फाटकावर सांगून ठेवलं आहे की एकटी दिसली तर ठीक, मूल घेऊन दिसली तर सोडायची नाही. दोन महिने झाले की तुम्हाला बघायला बोलावीन. म्हणजे बोलावीनच असं नाही.

जयलक्ष्मी

•

वाडी,
१९ मे २०२४

जयलक्ष्मी विहीणबाईंना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा आधी संताप आला. मग डोकं थंड झालं आणि वाटलं, या बाईचं काय चुकतंय? पोरीला मीच मोकाट वाढवली. तिचे अप्पा गेल्यावर तर तिला दावं म्हणून माहीत नाही. जे मी करायला हवं होतं ते तुम्हाला करावं लागतंय. माझी मागची पत्रं विसरा. हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे आई कुणाच्या बाजूची आहे ते तिला एकदाचं कळेल.

नातीच्या जन्माचं काही द्यायला हवं. सोनंनाणं तुमच्याकडं आहेच. मी माझी चंद्री म्हैस देते, रेडकासकट. अस्सल धारवाडी. कोयत्यासारखी मागं वळलेली शिंगं, कोळशासारखा रंग. हिच्याच जातीच्या दुधावर धारवाडचा पेढा नावाला आला. तुमच्याकडं ससे, गाढवं, बदकं असा पाळीव प्राण्यांचा कोपरा आहे, तो मी पाहिला. शहरातल्या पोरांनी म्हैस फक्त पिशवीत बघितलेली असते. त्यांना उभी म्हैस दाखवा. आणि घरात साय हाताला लागेल ती वेगळी.

फक्त तिच्या दोन खोडी आहेत. एक, ती परक्याच्या हाताखाली पान्हा चोरते. कासेत दूध असून देत नाही. माझ्या लेकीच्या हाताची तिला सवय आहे, तेव्हा धार तिच्याकडूनच काढून घ्या. दुसरी, म्हशीच्या कातडीला घाम फारसा सुटत नाही, म्हणून दुपारी पाण्यात बसवावंच लागतं, नाहीतर तापते आणि आटते. तुमच्या फाटकाबाहेर रस्त्याखाली तळं आहे. पोरीलाच पाठवा. रेडकू गोठ्यात बांधून ठेवलंत की चंद्री कुठं जात नाही, आणि नात तुमच्यापाशी असली की पोरगी कुठं जात नाही. तुम्हीच लिहिलंत ना.

म्हशीची जात किती भोळी, ते एक सांगते. तुम्ही हसाल. रेडकू मेलं की आमच्याकडं त्याच्या कातड्यात पेंढा भरून, शिवून, ते म्हशीसमोर उभं करतात. ती ते चाटते आणि पान्हा सोडते. आत नुसता पेंढा, पण समोर काहीतरी लेकरासारखं आहे एवढं तिला पुरतं. बघणाऱ्यानं नीट बघितलं नाही तर माणूसही फसेल. दीपश्रीला ठाऊक आहे. लहानपणी एकदा तिनंच माझ्या बरोबर बसून पेंढा भरला होता, आणि फार छान भरला होता. तिला विचारा.

आपल्या आज्ञेतली,
गोदावरी

•

हुबळी,
२१ जुलै २०२४

गोदावरी विहीणबाई,

एखाद्या माणसाचा नूर किती पालटू शकतो! मी रामचंद्राला म्हटलं, बघ, आई वठणीवर आली की पोर आपोआप येते. तुमचं पत्र जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर वाचलं. 'आई कुणाच्या बाजूची आहे' तिथं तर मी दोनदा वाचलं. सूनबाई ताटाकडं बघत राहिली. पेंढ्याच्या रेडकापाशी मात्र हसली. लग्न झाल्यापासून तिला हसताना मी पाहिलंच नव्हतं. म्हटलं, आईनंही हात वर केले म्हणून हिचं डोकं फिरलं की काय.

म्हैस पोचली. तुमचा भाचा शंकर दुधाच्या गाडीमागं टेम्पो लावून घेऊन आला, पाणी पिऊन गेला. चंद्रीसमोर पोरांची ही गर्दी! वाघापेक्षा जास्त. एका पोरानं विचारलं, हिच्यात चॉकलेट दूध पण येतं का? बाळाप्पा म्हणाला, काळी आहे म्हणजे येत असेल. दूध मात्र खरंच दाट आहे. मी घरात पेढा करून पाहिला, शेजारच्या, मूळ धारवाडच्या मळमड्डीतल्या मास्तरीणबाई बोटं चाटत होत्या.

पेंढ्याच्या रेडकाला फसणारं जनावर म्हणजे कमालच म्हणायची. मी रामचंद्राला विचारलं, वाघ फसेल का? म्हणाला, वास घेतो, नाही फसत. म्हणजे तुमची जात भोळी, आमची नाही.

आमची पद्धत आता घड्याळासारखी चालते. जेवणं झाली की सूनबाई पोरीला पाजून पाळण्यात ठेवते आणि म्हैस घेऊन तळ्यावर जाते. मी पाळण्याची दोरी हातात धरून बसते. मला तिचं तोंड बघायचा सोस नाही, पण दोरी हलली नाही की कार्टी किंचाळते आणि राणी डरकाळी फोडते, दोन्ही ऐकणं नको. म्हणून ओढते.

एकच त्रास आहे. म्हैस पाण्यात बसली की उठत नाही, ही उशिरानं येते. मग मला बोलावं लागतं, आणि रामचंद्रालाही भिंत थोडी सरकवावी लागते. यावर तुमच्याकडं काही तोडगा?

जयलक्ष्मी

•

वाडी,
१८ ऑगस्ट २०२४

जयलक्ष्मी विहीणबाईंना नमस्कार.

तोडगा सोपा आहे. पाण्यात बसलेल्या म्हशीला काठीनं मारलं तर ती आणखी आत सरकते. तिला वैरण दाखवावी लागते. जाताना बुट्टीभर हिरवी वैरण डोक्यावर द्या. काठावर पसरली की चंद्री आपण होऊन वर येते. बुट्टी मोठी असू द्या. खाली गोणपाट, वर मऊ गवत, सगळ्यात वर कडबा. दाबून भरू नये, आत वारा खेळता राहिला पाहिजे, नाहीतर हिरवं गवत लगेच गरम होतं.

भरलेली बुट्टी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. तो हात तुमचाच असू द्या, म्हणते मी. नोकरमाणसावर सोडू नका. सून घरातून काय बाहेर नेते ते सासूच्या हाताला कळलं पाहिजे. फाटकावरही मग कुणी विचारणार नाही, तुम्हीच हात लावलाय म्हटल्यावर.

पोरीला एक सांगा माझ्याकडून. बुट्टी डोक्यावर असली की मान ताठ ठेवायची आणि मागं वळून बघायचं नाही. हे मी तिला लहानपणी शिकवलं होतं, पण ती विसरली असेल.

चंद्रीला पेंड कमी पडत असेल तर शंकर आता गुरुवारी दुपारी दुधाची गाडी घेऊन गोकुळ रोडवरून जातो. तळ्याच्या बांधावर पोतं टाकून जाईल. तो वाट बघत थांबतो थोडा, आळशीच आहे. नेमका कुठला गुरुवार ते पोरीनं आपल्या सोयीनं बघावं, पेंड संपेल तसं.

नातीचं पोट दुपारी चांगलं भरलेलं असावं. पोट भरलं की लेकरं गाडीच्या आवाजानंही उठत नाहीत. तुमच्याकडं गर्दीच्या गाड्या येतात म्हणून आपलं लिहिलं.

गोदावरी

•

हुबळी,
१९ सप्टेंबर २०२४

गोदावरी विहीणबाई,

तुमच्या तोडग्याला मानलं. महिना झाला, म्हैस वेळेवर, सूनबाई वेळेवर. मला तर वाटतं इथल्या ट्रस्टनं रामचंद्राऐवजी तुम्हाला नेमावं. परवा सूनबाईनं स्वतःहून माझे पाय चेपले. मी काही मागितलंही नव्हतं.

आता दुपार आहे. एका हातानं पत्र लिहिते आहे, दुसऱ्या हातात पाळण्याची दोरी. आज तुमची नात फार शहाण्यासारखी झोपली आहे. हूं नाही की चूं नाही. रोज ही आई उठली की दुपट्यातून हातपाय झाडते, आज ढिम्म. तुम्ही म्हणालात ते खरं, पोट भरलं की प्रश्न मिटतो. मी म्हटलं तर रामचंद्र हसतो, पण पोरींना पहिल्यापासून अशी सवय लावली की पुढं सासरी त्रास होत नाही.

तुम्हाला एक नवी गंमत सांगायची राहिली. शहामृग घाबरलं की वाळूत डोकं खुपसतं असं आपण ऐकत आलो. ते खोटं आहे. ते मान जमिनीला टेकवून पडून राहतं, डोळे टक्क उघडे ठेवून. लांबून बघणाऱ्याला वाटतं, डोकं आतच आहे. रामचंद्र म्हणतो, जगात सगळ्यात जास्त फसतो तो लांबून बघणारा.

आली हाक. बुट्टीला हात लावायला बोलावते आहे. थांबा.

आले. आज बुट्टी चांगली जड भरली आहे. मी म्हटलं, काय गं, म्हशीला लग्नाला नेतेस का? तर म्हणाली, हो आत्या. पहिल्यांदाच अशी मोकळी बोलली. मीच गवत वरून थोपटून नीट केलं, लोंबत होतं. दारात उभी आहे. पत्र तिच्याच हाती देते, जाता जाता पेटीत टाकेल. मी परत दोरी धरली आहे.

जयलक्ष्मी

•

वाडी,
२० सप्टेंबर २०२४

जयलक्ष्मीबाई,

तुमचं कालचं पत्र पेटीत पडलं नाही. जिच्या हाती दिलंत तिनंच आणून दिलं. कागदाला अजून वैरणीचा वास आहे.

योगिता समोर जेवते आहे. तिसऱ्यांदा वाढलं. आरुषी माझ्या मांडीवर आहे. शंकरच्या गाडीत, दुधाच्या कॅनच्या मध्ये, अळणावर यायच्या जरा आधी जागी झाली आणि अशी रडली की त्याचे कान बधीर झाले. तोवर मात्र हूं नाही की चूं नाही.

झबल्यात पेंढा योगितानं गोठ्यात बसून भरला. लहानपणची कला विसरली नव्हती. तुम्ही लिहिलंत, आमची जात भोळी, तुमची नाही. खरं सांगू का, चंद्री पेंढ्याच्या रेडकाला सुद्धा आधी हुंगते, चाटते, अंगाला अंग लावते, आणि मग फसते.

उन्हाळ्यापासून मी तुम्हाला एकही पत्र लिहिलेलं नाही. मी माझ्या लेकीला लिहीत होते. मोठ्यानं वाचून दाखवायला तेवढ्या तुम्ही होतात, आणि छान वाचत होतात म्हणे. 'आई कुणाच्या बाजूची आहे' हे दोनदा वाचलंत, त्याबद्दल आभार.

रामचंद्राला घेऊन यायचं असेल तर या. पोलिसांत जायचं असेल तर तेही करा. उपास, फोन, सरकणारी भिंत, सगळं तुमच्याच अक्षरात माझ्याकडं आहे. तुम्ही काही लपवलंच नाहीत. तुम्हाला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

चंद्री संध्याकाळी आपण होऊन फाटकाशी येऊन उभी राहिली असेल. तिचं रेडकू तिथं बांधलेलं होतं. ते आता तुम्ही वाघिणीसमोर टाकाल, हे मला देतानाच ठाऊक होतं. चंद्रीची आई ती झाली त्याच दिवशी मेली. मी तिला बोटानं दूध चाटवून वाढवली. तिच्या पोटचं तिथं ठेवलं आणि माझ्या पोटचं उचलून आणलं. सकाळपासून गोठ्याकडं गेले नाही. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. मला तुम्ही साधी समजलात, तिथंही लांबूनच बघितलंत.

योगिता सांगते, बुट्टी चढवून तुम्ही पाळण्यापाशी जाऊन बसलात, पत्राची शेवटची ओळ लिहीत होतात, तेव्हा ती बुट्टी डोक्यावर घेऊन दारातच उभी होती. गवताखाली पोर झोपलेली, आणि पाळणा तुमच्या हाताशी. ती तुमच्या मानेकडं बघत होती, वळते की काय म्हणून. नातीचं तोंड बघायला तुम्ही एकदा, एकदाच वाकला असतात, तर दोघीही आज तुमच्याच घरात असत्या.

गोदावरी